कुणाची गं तू?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतील गोष्ट. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात एका गाळ्यावर संगणकावर पट्ट्या करायला मुलगी हवी आहे, असे आमच्या आप्पांच्या कानावर आले. आप्पा त्याच बाजारात माथाडी कामगार आहेत. पट्टी म्हणजे शेतकऱ्याने पाठवलेल्या मालाचा हिशेब. गोण्या किती आल्या, वजन किती भरले, भाव काय मिळाला आणि खर्च वजा जाता हाती किती पडले, एवढे त्या कागदावर असते. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी गाळ्यावर जाऊन उभी राहिले. माझ्याआधी दोन मुली येऊन बसल्या होत्या. त्यांतली एक घणसोलीची होती. तिच्या मांडीवर प्लॅस्टिकची फाईल होती आणि फाईलमध्ये मराठी टंकलेखनाचे आणि टॅलीचे प्रमाणपत्र वरूनच दिसत होते.

शेठ आले, गादीवर बसले, उदबत्ती लावली. मग माझ्याकडे पाहून त्यांनी विचारले, "कुणाची गं तू?"

मी आप्पांचे नाव सांगितले, टोळी सांगितली.

"असं होय! मग उद्यापासून ये."

एवढीच माझी मुलाखत. मला टंकलेखन येते का, हिशेब जमतो का, शिक्षण किती, यांतले काहीही त्यांनी विचारले नाही. त्या दोघींना त्यांनी "जागा भरली" असे सांगितले. घणसोलीच्या मुलीने फाईलची चेन ओढली आणि ती उठली. माझ्या जवळून जाताना तिने एकच प्रश्न केला, "तुला टॅली येतं?" मी म्हटले, "नाही." ती पुढे काही बोलली नाही. पायऱ्या उतरून गेली.

वाचक मित्रमैत्रिणींनो, ही गोष्ट मी अभिमानाने सांगत नाही. उलट ती सांगताना मला लाज वाटते, आणि त्याला कारणही तसेच आहे. प्रथम वर्षात असताना मी आपल्याच महाविद्यालयाच्या वक्तृत्व स्पर्धेत 'वशिलेबाजी : समाजाला लागलेली कीड' या विषयावर बोलले होते. मला दुसरे बक्षीस मिळाले होते. "वशिल्याची तट्टे पुढे जातात आणि गुणवत्तेचे घोडे तबेल्यात सडतात," या माझ्या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या. ते बक्षिसाचे पुस्तक अजून घरात फळीवर आहे. आणि त्यानंतर वर्ष उलटायच्या आत मी स्वतःच तट्टू झाले!

तेव्हापासून मी या प्रश्नावर विचार करते आहे. भाषणात जो प्रश्न सात मिनिटांत सुटला होता, तो आता सुटता सुटत नाही.

त्या संध्याकाळी मी घरी गप्प होते. आजोबांनी कारण विचारले. मी सांगितले, तर ते हसले. म्हणाले, "पोरी, वळख नसती तर आपण सगळी गावालाच राहिलो असतो. तू कालेजात न्हाई, रानात असतीस."

आजोबांची हकिकत अशी. आमचे गाव सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात, डोंगराच्या पोटात. जमीन थोडी आणि तीही वरकस. १९६६-६७ च्या सुमारास गावचा एक माणूस त्यांना मुंबईला घेऊन आला. गावकीच्या एका खोलीत वीस-पंचवीस जण राहत. निम्मे रात्री झोपत, निम्मे दिवसा. त्या माणसाने मशीद बंदरच्या एका मुकादमाकडे शब्द टाकला आणि आजोबांच्या पाठीवर पहिली गोणी चढली. काम मिळाले, पण त्याची किंमतही होती. दिवसाच्या मजुरीतला वाटा मुकादमाला जायचा. तो देईल त्या दिवशी काम, तो म्हणेल तेवढी मजुरी. त्याच्याकडे वर मान करून बोलायचे नाही, कारण ज्याने आणले तोच घालवूही शकतो.

ही केवळ आमच्या आजोबांची कथा नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्येही हेच चाले. तिथे मुकादमाला जॉबर म्हणत, आणि बायकांच्या खात्यात नाईकीण असे. कामगार भरणे, काढणे, बदली देणे हे सारे त्यांच्या हाती. म्हणून जॉबर आपल्या गावची, आपल्या नात्यातली, आपल्या जातीची माणसे आणी. कोकणातला माणूस कोकणातल्याला आणि घाटावरचा घाटावरच्याला ओढून घेई. १९२९ साली सरकारने हिंदुस्थानातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी शाही आयोग नेमला. त्या आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरांच्या लाचखोरीवर बोट ठेवले आणि नोकरभरती त्यांच्या हातून काढून घ्या, अशी शिफारस केली. १९३५ साली मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू झाली, ती जॉबरची मक्तेदारी कमी करण्यासाठीच. म्हणजे ज्या विषयावर मी नवे काही सांगते आहे असे समजून बोलले होते, त्या विषयावर माझ्या आजोबांच्या जन्माआधीच सरकारी अहवाल लिहून झाले होते.

मशीद बंदरच्या हमालांचे दिवस मात्र फार उशिरा पालटले. अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींची संघटना बांधली, लढे दिले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. या कायद्याने कामगारांची नोंदणी मंडळाकडे होऊ लागली. मालकाने मजुरी मंडळात भरायची आणि मंडळाने ती कामगाराला द्यायची, अशी पद्धत आली. भविष्य निर्वाह निधी आला, बोनस आला. आजोबा म्हणतात, "पयल्यांदा पगार घेताना कुणाच्या पाया पडावं लागलं न्हाई." १९८१ साली कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार मुंबईतून तुर्भ्याला आला, त्याच्या मागोमाग आमचे घर खाडी ओलांडून इकडे आले. आजोबांची जागा टोळीत आप्पांना मिळाली. पुढे माझा भाऊही तिकडेच जाईल असे घरात सर्वांनी धरून ठेवले आहे.

हे सारे ऐकल्यावर मला दोन गोष्टी उमगल्या. पहिली अशी की ज्या वशिल्याला मी कीड म्हटले, त्याच्याच जोरावर आमच्या घरात तीन पिढ्या चूल पेटली. माझी महाविद्यालयाची फीसुद्धा त्याच चुलीवर शिजली आहे. दुसरी अशी की ओळख आणि वशिला या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो.

गावच्या माणसाने आजोबांना सांगितले की मुंबईत काम आहे, चल. ही ओळख झाली. तिने एक बातमी पोचवली आणि अनोळखी शहरात पाठीवर हात ठेवला. यात कुणाचे काय बिघडले? गरिबाजवळ जमीनजुमला नसतो, बँकेत पैसा नसतो. चार माणसे ओळखतात, एवढेच त्याचे भांडवल असते. ते भांडवल वापरू नकोस असे त्याला सांगणे म्हणजे आंधळ्याच्या हातची काठी काढून घेणे होय. परंतु तीच ओळख जेव्हा दारात उभी राहून दुसऱ्याला आत येऊ देत नाही, किंवा आत घेतलेल्याकडून वाटा मागते, तेव्हा तिचा वशिला होतो. गाळ्यावर जागा आहे हे आप्पांनी मला सांगितले, इथवर ओळख होती. शेठनी मला काहीच न विचारता घेतले आणि त्या मुलीची फाईल उघडूनही पाहिली नाही, इथे वशिला झाला. ओळखीने माणसाला दारापर्यंत आणावे. दाराच्या आत मात्र त्याचे त्यानेच उभे राहिले पाहिजे.

कुणी म्हणेल, शेठचे तरी काय चुकले? गाळ्यावर रोख पैशांची उलाढाल. माणूस विश्वासाचा हवा. माथाडीची मुलगी, बाप रोज समोर, पळून जाणार कुठे? हा मुद्दा मला मान्य आहे. नोकरी देणाऱ्याला काम येते की नाही एवढेच पाहायचे नसते, तर माणूस भरवशाचा आहे की नाही हेही पाहायचे असते, आणि भरवसा प्रमाणपत्रावर छापून मिळत नाही. पण मग त्या घणसोलीच्या मुलीने भरवसा कुठून आणायचा? तिचा बाप बाजारात नाही, हा तिचा दोष आहे काय?

'कुणाची गं तू?' या साध्या प्रश्नात फार मोठा इतिहास भरलेला आहे. आपल्या समाजात माणसे ओळखीची असतात ती बहुधा आपल्याच गावची, भावकीतली आणि जातीची. त्यामुळे जिथे ओळखीवर नोकरी मिळते, तिथे न बोलता जातीवर नोकरी मिळते. कुणी कुणाला मुद्दाम दूर ठेवले असे दिसत नाही, आणि तरी ठरावीक माणसे बाहेरच राहतात. राजर्षी शाहू महाराजांनी हे ओळखले होते. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी कोल्हापूर संस्थानात हुकूम काढला की रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांना द्याव्यात. त्या हुकमाचा इतिहास आम्हांला परीक्षेपुरता शिकवतात. मला त्याचा अर्थ गाळ्याच्या पायरीवर कळला. ज्यांचे आत कुणीच नाही, त्यांच्यासाठी कुणीतरी दार उघडून धरावे लागते. नाहीतर आत असलेले आपल्याच माणसांना हाक मारीत राहतात. पुढे आपल्या राज्यघटनेने सोळाव्या कलमात सरकारी नोकरीत सर्वांना समान संधी देण्याचे वचन दिले, ते याच जाणिवेतून.

यात मुलींची गोष्ट आणखी वेगळी. टोळीतली जागा माझ्या भावासाठी राखून ठेवल्यासारखी आहे. माझ्यासाठी तशी कोणतीच वाट आखलेली नाही. आप्पांच्या सगळ्या ओळखी बाजारातल्या, आणि बाजारात मुलीला देण्याजोगी कामे मोजकी. घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिली. 'बी. ए. झाल्यावर काय?' असे मला कुणी विचारले की आई म्हणते, "साहेब होईल." पण साहेब कसे होतात, अर्ज कुठे मिळतो, मुलाखतीला काय विचारतात, हे सांगणारे आमच्या चाळीस-पन्नास नातेवाइकांत एकही माणूस नाही. माणसे आमच्याकडे भरपूर आहेत आणि जिवाला जीव देणारी आहेत. पण ती सारी एकाच बाजारात, एकाच गल्लीत आहेत.

आमच्या समाजशास्त्राच्या सरांनी याबाबत एक फार उपयोगी गोष्ट सांगितली. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन या गावी नोकरदारांना विचारले की तुम्हांला नोकरी कशी लागली. निम्म्याहून अधिक जणांनी ओळखीतून असे सांगितले. म्हणजे वशिला ही आपल्याकडचीच खोड आहे असे समजण्याचे कारण नाही! पण पुढचा भाग महत्त्वाचा. ज्यांनी नोकरीची बातमी दिली, ते त्यांचे जिवलग होते का? सहांपैकी एकाच्याच बाबतीत बातमी देणारा हा वरचेवर भेटणारा माणूस होता. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून बातमी मिळाली होती. १९७३ साली त्यांनी यावर जो निबंध लिहिला, त्यात या तुटपुंज्या ओळखींचे बळ दाखवून दिले. कारण सोपे आहे. जवळच्या माणसांना जे माहीत असते ते आपल्यालाही माहीत असते. नवी बातमी येते ती दूरच्या माणसाकडून. डॉक्टरांच्या मुलीला वडिलांचे वकील मित्र, आईच्या बँकेतल्या मैत्रिणी, शेजारचे इंजिनीयर काका, अशी दूरची माणसे आपसूक मिळतात. मला माझी जिवाभावाची माणसे मिळाली आहेत. पण दूरची माणसे मिळालेली नाहीत. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याची खरी गरिबी ही आहे आणि ती शिष्यवृत्तीच्या अर्जात लिहायला रकाना नाही.

आता आमच्या नव्या मुंबईकडे वळू. ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना ऐरोली-महापेला काचेच्या उंच इमारती दिसतात. तिथे काम करणारी आमच्या इमारतीतली एक ताई सांगत होती की आपल्या ओळखीच्या माणसाचे नाव सुचवावे आणि तो निवडला गेला तर सुचवणाऱ्याला बक्षीस मिळावे, अशी रीत अनेक कंपन्यांत आहे. त्याला तिथे रेफरल म्हणतात. गंमत पाहा! आप्पांनी शेठजवळ शब्द टाकला तर तो वशिला, आणि काचेमागे इंग्रजीत शब्द टाकला तर बक्षीस. मात्र एक फरक मी प्रामाणिकपणे मान्य करते. ताई म्हणते, नाव सुचवले तरी पुढे परीक्षा आणि मुलाखत द्यावीच लागते. तसे खरोखर होत असेल तर ती ओळख आहे, वशिला नव्हे. तरीही सुरुवातीला नाव सुचवणारा कुणीतरी आत लागतोच, आणि प्रश्न पुन्हा तिथेच येतो.

ज्या जमिनीवर हे शहर उभे आहे, तिथल्या मूळच्या लोकांचा प्रश्न तर याहून अवघड. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी घेण्यात आल्या. भातशेती गेली, मिठागरे गेली, खाडीची मासेमारी आटली. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. त्या आंदोलनातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. माझ्या वर्गातली एक मैत्रीण अशाच गावची आहे. मी तिला माझी गाळ्याची गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, "आमच्या पोरांना नोकरी द्या म्हटलं की लोक म्हणतात, हे वशिला मागतात. अगं, आमची जमीन गेली, हीच आमची ओळख. तो वशिला नाही, हक्क आहे." तिचे म्हणणे मला पटले. ज्याने किंमत मोजली आहे, त्याने दारात उभे राहून आपला वाटा मागितला तर त्याला तट्टू म्हणता येणार नाही.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नव्या मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याआधीपासून आमच्या वर्गात, कट्ट्यावर, लोकलमध्ये एकच चर्चा होती : "विमानतळावर कुणाची ओळख आहे का?" जागा किती, कोणत्या, शिक्षण काय हवे, अर्ज कुठे करायचा, हे कुणी विचारत नव्हते. आधी ओळख आहे का, हेच विचारत होते. तरुण मुलांच्या तोंडी पहिला प्रश्न हा यावा, याहून मोठी टीका व्यवस्थेवर काय असू शकते? आणि जिथे असा प्रश्न असतो, तिथे "पैसे दे, मी लावतो" म्हणणारे लोकही उगवतात, हे सांगायला नको.

माझ्या मते आज नवा मुकादम आला आहे. साफसफाई, पहारा, सामानाची ने-आण, कार्यालयातली कारकुनी ही कामे आता बहुतेक ठिकाणी कंत्राटदारामार्फत होतात. या कामांची जाहिरात क्वचितच येते. परीक्षा नाही, गुणांची यादी नाही. कंत्राटदाराचा सुपरवायझर सांगेल तो आत आणि सांगेल तो बाहेर. आजोबांनी हे ऐकले तेव्हा ते म्हणाले, "मग आमचा मुकादम काय वायला होता?" टोळीच्या तोंडावरून कायद्याने त्याला हटवले आणि तो कंपनीच्या गेटवर जाऊन बसला. फक्त त्याच्या डोक्यावरचे पागोटे गेले आणि गळ्यात ओळखपत्र आले.

मग उपाय काय? काही उपाय झालेले आहेत, त्यांची नोंद केली पाहिजे. १९५९ च्या कायद्याने ठरावीक आस्थापनांना रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणे बंधनकारक झाले. आमच्या मामांनी त्या कार्यालयातले कार्ड वर्षानुवर्षे जपून ठेवले होते. बोलावणे आले नाही, हा भाग वेगळा. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सेवायोजन कार्यालयाकडून नावे मागवणे एवढ्यावर थांबू नये, वर्तमानपत्रांतूनही जाहिरात द्यावी आणि जे अर्ज करतील त्या सर्वांचा विचार करावा. मला या निर्णयाचे मर्म असे वाटते की बातमी सर्वांपर्यंत पोचली पाहिजे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या खालच्या, अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. लेखी परीक्षेत 'कुणाची गं तू?' असे विचारता येत नाही. मुलाखतीत विचारता येते.

तथापि सगळ्या नोकऱ्या सरकारी नसतात. आमच्यातले फार थोडे जण तिथे पोचतील. बाकीचे गाळ्यांवर, दुकानांत, खाजगी शाळांत, कंपन्यांत जातील, आणि तिथे कुठलाही कायदा शेठला परीक्षा घ्यायला लावणार नाही. शिवाय परीक्षेलाही शिकवणीचे पैसे लागतात, हे आपण जाणतोच. म्हणून सरकारकडे बोट दाखवून हा लेख संपवणे मला बरे वाटत नाही. जे आपल्या हातात आहे त्याविषयी बोलले पाहिजे.

माझे म्हणणे असे की ज्यांच्या घरात दूरची माणसे नाहीत, त्यांच्यासाठी महाविद्यालयाने ती दूरची माणसे व्हावे. आपल्या महाविद्यालयातून आजवर शेकडो विद्यार्थी बाहेर पडले. कुणी बँकेत आहेत, कुणी शाळेत, कुणी पालिकेत, कुणी महाप्यात. ते कुठे आहेत याची नोंद एका वहीत तरी आहे काय? स्नेहसंमेलनाला त्यांना बोलावतो, नारळ देतो, फोटो काढतो. त्याऐवजी वर्षातून दोनदा त्यांनी येऊन एवढेच सांगावे की माझ्या कार्यालयात कोणती कामे असतात, त्यासाठी काय यावे लागते, जागा निघाली की कुठे कळते. आम्हांला त्यांनी नोकरी लावावी अशी अपेक्षा नाही. फक्त दार कुठे आहे ते दाखवावे. दुसरे असे की ग्रंथालयाबाहेर जो फलक आहे, त्याचा अर्धा भाग 'जागा आहेत' यासाठी राखून ठेवावा. ज्या विद्यार्थ्याच्या कानावर कोणत्याही कामाची बातमी येईल, त्याने ती आपल्या मित्राच्या कानात न सांगता त्या फलकावर लावावी. ओळख ही गोष्ट कानात सांगितली की वशिला होते आणि फलकावर लिहिली की संधी होते.

यावर एक मैत्रीण मला म्हणाली, "तू फलकावर लावशील, आणि मग तुझ्या बहिणीची जागा दुसरीला जाईल. चालेल?" प्रश्न बोचरा आहे. मी खरे उत्तर देते. चालणार नाही, जिवावर येईल. पण त्या घणसोलीच्या मुलीचेही कुणीतरी घरी वाट पाहत असेलच ना?

मी ती गाळ्यावरची नोकरी सोडली नाही. सोडली असे लिहिले असते तर लेख अधिक शोभला असता, पण ते खोटे झाले असते. सकाळी महाविद्यालय आणि दुपारनंतर गाळा असे चालले आहे. दुसऱ्या सत्राची फी मी त्याच पगारातून भरली. महिनाभर रोज घरी येऊन मी टॅली शिकले, कारण त्या मुलीचा प्रश्न पाठ सोडत नव्हता. ती मुलगी मला पुन्हा भेटली नाही. तिचे नावही मला ठाऊक नाही. तिच्यापुढे मी जी चुकीची ठरले, ती तशीच राहिली.

जानेवारीत आमच्या शेजारच्या गाळ्यावर अशीच एक जागा निघाली. मेहताजींनी मला विचारले, "तुझ्या ओळखीची कुणी आहे का गं?" मामेबहिणीचे नाव ओठांवर आले होते. मी म्हटले, "आहेत. चार-पाच पाठवते. पण त्यांना एकेक पट्टी करायला द्या आणि जिची बरोबर येईल तिला घ्या." ते हसले, पण हो म्हणाले. मी तो कागद आपल्या फलकावर लावला आणि मामेबहिणीलाही कळवले. तिघी गेल्या. मामेबहीण त्यांत होती, तिची बेरीज चुकली. ती पंधरा दिवस माझ्याशी बोलत नव्हती.

ज्या मुलीला काम लागले ती प्रथम वर्षाची आहे. बाजारात येता-जाता आम्ही एकमेकींकडे पाहून हसतो. ती कुणाची, हे मी अजून विचारलेले नाही.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष बी. ए.